वासुदेवकाकांचे तीन पॉइंट

ज्या पानावरून मी सल्ला दिला ते पान अमेरिकेचं होतं, हे कळायला मला तीन वर्षं लागली. तोपर्यंत त्या सल्ल्यावर जर्मनीतल्या नेकारसुल्म गावातल्या एका मुलीचं बॅचलर होत आलं होतं आणि तिच्या वडिलांनी शेवटच्या रिपोर्टाला सोनेरी अक्षरांचं बाइंडिंगही करून आणलं होतं.

ती मुलगी ज्ञानदा. तिचे वडील वासुदेव हुपरीकर. नात्याने माझे कोणी नव्हेत, पण माझ्या खालच्या मजल्यावर राहतात आणि रविवारी जेवायला बोलावतात, म्हणून काका. २०२२ च्या उन्हाळ्यात मी हॅनोव्हरला मास्टर्स करून इथे कंत्राटावर कामाला लागलो होतो आणि त्यांच्या डोक्यावरची, उतरत्या छपराची खोली भाड्याने घेतली होती. करमाळ्याच्या मराठी शाळेतला मुलगा जर्मनीत मास्टर्स करतो म्हटल्यावर लोकांना वाटतं, याला शिक्षणातलं सगळं कळतं. आमच्याकडे बारावीनंतर काय करायचं हे लोक स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याला विचारतात, कारण सगळे फॉर्म त्याच्या हाताखालून जातात. त्या इमारतीतला झेरॉक्सवाला मी होतो.

ज्ञानदाला अबिटुअरला, म्हणजे इथल्या बारावीला, एक पूर्णांक आठ मिळाले होते. इथे आकडा जितका लहान तितका हुशार. काकांनी इचलकरंजीला भावाला फोन करून कौतुकाने आकडा सांगितला. भावाने तो दोनदा विचारून घेतला. मग भाऊ म्हणाले, ‘‘असू दे वासू, पोरीला बोलू नकोस. पुढच्या वेळी होईल.’’

ज्ञानदाला दातांची डॉक्टर व्हायचं होतं. एक पूर्णांक आठ चांगले असले तरी दातांना पुरत नाहीत. तिच्या वर्गशिक्षिकेने तिला मार्ग सांगितला होता: एक प्रवेश-चाचणी दे, आणि आधी तीन वर्षं एखाद्या दाताच्या दवाखान्यात असिस्टंटचं रीतसर शिक्षण घे. बऱ्याच विद्यापीठांत ते प्रवेशाला धरतात. काकांनी त्यातला असिस्टंट एवढाच शब्द ऐकला आणि पुढचं ऐकणं थांबवलं. मला बोलावलं.

मी त्यांच्या सोफ्यावर बसून, पोहे खात, डाव्या हाताने फोनवर इंग्रजीत शोधलं: डेंटलला जायचं तर आधी कोणतं कॉलेज. लगेच एक लांबलचक पान उघडलं. बॅचलर कुठून केलं याला किती महत्त्व, मोठ्या नावाच्या कॉलेजचा फायदा होतो की नाही, विषय कोणते घ्यावेत, शिफारसपत्रं किती. मी ते मराठीत वाचून दाखवलं, मधेमधे माझीही भर घातली. ज्ञानदा दारात उभी होती. तिने जर्मनमध्ये विचारलं की हे इथलं आहे का. मी म्हणालो, ‘‘अगं, सगळीकडे असंच असतं.’’

पोह्यांचा घास तोंडात असताना बोललेलं हे एक वाक्य. बाकी सगळं त्याच्यातून निघालं.

काकांना ते वाक्य पटणारच होतं. त्यांची माझ्याआधीपासूनची श्रद्धा अशी की हातात घेतलेलं पूर्ण करायचं आणि पहिल्यांदा हातात घ्यायची ती डिग्री. त्यांच्या तोंडात सगळ्यात मोठी शिवी म्हणजे अर्धवट. अर्धवट काम करणाराही अर्धवट आणि डोक्याने कमी असलेलाही अर्धवट. दोघांत त्यांना फारसा फरक दिसत नाही. सिनेमा कितीही रटाळ असो, काका शेवटची नावं संपेपर्यंत उठत नाहीत. औषधाच्या डबीतला घडी घातलेला कागद दोन्ही बाजूंनी वाचतात. एकदा श्वार्त्सवाल्डला आम्ही फिरायला गेलो, तर नकाशावर सात ठिकाणं होती म्हणून धुक्यात, काहीही दिसत नसताना, सातव्या ठिकाणी जाऊन धुकं बघून आलो. प्रभाकाकू गाडीतच बसून राहिल्या. त्या म्हणाल्या, मला इथूनही धुकंच दिसतंय.

रोज संध्याकाळी जेवणाआधी काकूंचा एक प्रश्न ठरलेला असे. ‘‘अहो, खालचं दार अबगेश्लोसन केलंत का?’’ अबगेश्लोसन म्हणजे किल्ली फिरवून बंद केलेलं. इमारतीचा नियम तसा आहे, आणि या घरात तो शब्द कुलुपासारखाच वापरून गुळगुळीत झालेला. काका म्हणत, ‘‘जा, दोन वेळा फिरवलीय.’’ हे जा जर्मन, म्हणजे हो. तरी उठून एकदा बघून येत.

या माणसाला असं का झालं हे मला काकूंनी सांगितलं. काका मूळचे डिप्लोमावाले. इचलकरंजीला टूलरूममध्ये नोकरी करत त्यांनी डिग्रीला नाव घातलं. दिवसा डाय, संध्याकाळी लेक्चर. सगळे विषय सुटले, गणिताचा एम-थ्री राहिला. चार वेळा राहिला. सोबतची मुलं नाद सोडून वर्कशॉपं टाकून बसली, त्यातली दोन आज काकांपेक्षा श्रीमंत आहेत. काका पाचव्यांदा बसले. ज्ञानदा तेव्हा पाळण्यात होती. एका हाताने दोरी, दुसऱ्या हाताने इंटिग्रेशन. सुटला. त्यानंतर पाच वर्षांनी इथल्या एका सुट्या भागांच्या कंपनीने माणसं शोधली तेव्हा व्हिसाच्या फॉर्मवर एक चौकोन होता: पदवी. टूलरूममध्ये त्यांच्याहून हाताने हुशार दोघे होते. चौकोन भरता आला तो एकट्या काकांना.

आता ते त्या कंपनीत पत्र्याचे भाग मोजतात. दाराच्या बिजागऱ्या, कंस, पट्ट्या. मोजायचं, चिठ्ठी लावायची, पुढे पाठवायचं. सोळा वर्षं.

ज्ञानदाचं दातांचं वेड मात्र काकांमुळेच. ती पाच वर्षांची असताना इथे आली आणि सातव्या वर्षापर्यंत घरातली सरकारी दुभाषी झाली. काकांची दाढ सुजली तेव्हा डॉक्टरकडे तिलाच नेलं. काका म्हणाले, सांग त्यांना, बाबांची दाढ दुखतेय. तिचं मराठी तोपर्यंत कानापुरतंच उरलं होतं. तिने जर्मनमध्ये ठणठणीत सांगितलं की माझ्या बाबांची दाढी दुखतेय. डॉक्टरांनी काकांच्या गुळगुळीत हनुवटीकडे बघितलं, मग पोरीकडे बघितलं, आणि न हसता विचारलं, कुठल्या बाजूची. पुढचा अर्धा तास तिला स्टुलावर उभं करून हातात छोटा आरसा दिला. ती घरी आली ती डॉक्टर होऊनच. दाढ आणि दाढी यांतला गोंधळ मात्र तिचा कधीच गेला नाही, आणि काकांनी तो दुरुस्त करण्याचं काम अर्धवट सोडलं. त्यांनी सोडलेलं माझ्या माहितीतलं ते एकच काम.

तर बॅचलर ठरलं. कॉलेज मोठ्या नावाचं हवं, असं माझं पान सांगत होतं, म्हणून स्टुटगार्ट. तिथे एका विषयाच्या नावात टेक्निकल आणि जीवशास्त्र दोन्ही होतं. काका खूश, टेक्निकल हा शब्द दिसला की त्यांना घरच्यासारखं वाटतं. ज्ञानदा तीन वर्षं सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळच्या गाडीने येत राहिली. यीस्ट वाढवलं, प्रोटीन गाळलं, कॉम्प्युटरवर काहीतरी मांडलं. मी कधी विचारलं, कसं चाललंय, तर म्हणायची, गूट, म्हणजे छान. तिच्या गूटमध्ये किती मावतं ते मला तेव्हा ओळखता येत नव्हतं.

मागच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत तिचे पदवीला लागणाऱ्या एकशे ऐंशीपैकी एकशे सत्त्याहत्तर पॉइंट झाले. प्रबंध झाला, परीक्षा झाल्या. तीन पॉइंटांचा एक किरकोळ विषय राहिला होता. त्यात दहा पानांचा रिपोर्ट लिहून द्यायचा. विषय होता: कामं वेळेत पूर्ण कशी करावीत. शिकवणारे प्राध्यापक जुन्या वळणाचे, त्यांना रिपोर्ट कागदावरच, त्यांच्या पेटीत टाकलेला हवा. काकांनी त्या दहा पानांना काळं कडक बाइंडिंग केलं, वर सोनेरी अक्षरं. इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टाला आपल्याकडे करतात तसं. दुकानदाराने दोनदा विचारलं म्हणे, दहाच पानं ना. शुक्रवारी अर्धी रजा टाकून काका स्वतः तिच्याबरोबर स्टुटगार्टला जाऊन ते पेटीत टाकणार होते. मग पदवी, मग डेंटल. अर्जाची शेवटची तारीख एकतीस मे. सगळं काकांच्या मनात ओळीने मांडलेलं होतं.

त्याच शुक्रवारी सकाळी माझी खालची उजवी दाढ उठली. गावातल्याच फ्राउ डॉक्टर वाइनमानने बारापूर्वी यायला सांगितलं. खुर्चीवर बसलो. हातात नळी घेऊन उभी असलेली मुलगी, लेओनी, बोलकी होती. ती म्हणाली की ती इथे असिस्टंटचं शिक्षण घेतेय, कारण तिला पुढे दंतवैद्यकाला जायचंय आणि याचा उपयोग होतो. मला तिची जरा कीवच आली. मी सांगितलं की आमच्या घरची एक मुलगीही जाणार आहे, पण ती हुशार आहे, आधी स्टुटगार्टहून बॅचलर करतेय. आज पूर्ण होतंय.

डॉक्टरीणबाईंच्या हातातली सुई थांबली. त्यांनी विचारलं, अबगेश्लोसन? म्हणजे पूर्ण?

मी म्हणालो, ‘‘गेनाऊ.’’ म्हणजे अगदी बरोबर.

‘‘शाडे,’’ त्या म्हणाल्या. शाडे म्हणजे अरेरे. आणि सुई टोचली.

पुढचं सगळं मी आ वासून ऐकलं. दुसरा इलाजच नव्हता. त्या ड्रिल चालवता चालवता सांगत होत्या. इथे दातांच्या शिक्षणाला आधी बॅचलर लागत नाही, शाळेतून सरळ जातात. कोणत्या कॉलेजात काय केलं याने दार उघडत नाही. उलट इथलीच एक पदवी पूर्ण झाली असेल तर अर्ज दुसऱ्या, वेगळ्या रांगेत जातो. एकदा शिकून झालेल्यांची रांग. त्या रांगेला शंभरात फार तर तीन जागा. त्यांच्या पुतणीचं तसंच झालं होतं. अर्धं शिक्षण चालतं, त्या म्हणाल्या, पूर्ण झालं की पंचाईत. मी विचारायचा प्रयत्न केला की हे सगळीकडे असंच असतं का, पण लेओनीने नळी आणखी आत सरकवली.

दाढ खोल किडली होती. तात्पुरती भर घालून पंधरा दिवसांनी बोलावलं. मी बाहेर पडलो आणि फुटपाथवर उभा राहून फोनमध्ये ते तीन वर्षांपूर्वीचं पान शोधलं. होतं. वर कोपऱ्यात फी लिहिलेली होती, आकड्यांपुढे डॉलरचं चिन्ह. ते तेव्हाही तिथेच असणार.

मी पळत घरी आलो. काका बूट घालून तयार, हातात कापडी पिशवी, पिशवीत बाइंडिंग. ज्ञानदा केस बांधत होती. गाडीला पंचवीस मिनिटं होती. मी म्हणालो की काका, रिपोर्ट देऊ नका. म्हणजे मला तसं म्हणायचं होतं. खालचा ओठ माझा राहिला नव्हता. तोंडातून जे निघालं ते ऐकून काकूंनी मला पाणी आणून दिलं. पाणी शर्टावर सांडलं. शेवटी फोनवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: रिपोर्ट देऊ नका, डिग्री पूर्ण झाली तर डेंटल बंद.

काकांनी ते चष्मा लावून वाचलं. चष्मा काढून परत वाचलं. मग माझ्या सुजलेल्या गालाकडे बघून म्हणाले, ‘‘अक्कलदाढ काढली वाटतं तुझी.’’

ज्ञानदाने पिशवी त्यांच्या हातातून घेतली नाही, स्वतःचे बूटही काढले नाहीत. तिने फक्त लॅपटॉप उघडून प्रवेशाच्या सरकारी पानावर नियम काढले आणि बाबांसमोर ठेवला. काका बसले. बूट घालूनच. माप घेतलेला कागद वाचतात तसं, एकेका ओळीखाली बोट ठेवून. त्यांची जर्मन कारखान्याची. पत्र्याविषयी काहीही सांगा, कळतं. नियमांची जर्मन वेगळी. प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत जाऊन मग मागे यायचं. स्टुटगार्टची गाडी गेली. पुढची गेली. माझ्या ओठात मुंग्या येऊ लागल्या.

मग त्यांचं बोट एका शब्दावर थांबलं. अर्जाच्या तारखेआधी विद्यापीठातलं दुसरं शिक्षण ज्यांनी अबगेश्लोसन केलं आहे, ते.

काका उठले, हॉलमध्ये गेले, घराच्या दाराची किल्ली दोनदा फिरवली. आम्हाला खट्‌खट् ऐकू आलं. परत येऊन म्हणाले, ‘‘हे पण अबगेश्लोसन. आणि ते पण अबगेश्लोसन. सोळा वर्षं मी हा शब्द वापरतोय, हृषी. पूर्ण केलं म्हणजे कुलूप लावलं, असं मला कोणी सांगितलं नाही.’’

मला हसू येण्यासारखं होतं, पण त्यांचा चेहरा तसा नव्हता. ते पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि हळूहळू, कोणाकडे न बघता, मला एम-थ्री ऐकवू लागले. काकूंकडून ऐकलेलं होतं, त्यांच्या तोंडून पहिल्यांदा. चौथ्यांदा नापास झाल्यावर टूलरूमचा मालक म्हणाला होता, सोड वासू, फोरमन करतो. त्यांनी सोडलं असतं तर आज ते फोरमन असते. ‘‘एक चौकोन भरला म्हणून ही पोरगी इथं आहे,’’ काका म्हणाले. ‘‘आणि आता तू म्हणतोस, हिने तो रिकामा ठेवायचा. तीन पॉइंटांसाठी. मी जगाला काय सांगू, पोरगी अर्धवट राहिली?’’

ज्ञानदा जर्मनमध्ये बोलली. थोडक्यात, आवाज न चढवता. तिला ती पदवी नकोच होती. ती तीन वर्षं तिने बाबांसाठी केली, हृषीदादाने पोहे खाताना सांगितलं म्हणून. पुढची तीन वर्षं, असिस्टंटच्या शिक्षणाची, तिला स्वतःसाठी हवी आहेत, आणि त्यासाठी हे तीन पॉइंट तिने घ्यायचे नाहीत. आज नाही, अर्जाआधी नाही, आणि यंदा प्रवेश मिळाला नाही तर पुढच्या वर्षीही नाही. प्रवेश मिळेपर्यंत नाही. काकांना सगळं समजलं, कारण न कळलेल्या जर्मनला म्हणतात तसं जा-जा ते मधे एकदाही म्हणाले नाहीत.

प्रभाकाकू एवढा वेळ ओट्याशी होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘अहो, तिला दातच बघायचेत ना? मग बघू द्या की.’’ आणि पिशवी उचलून फ्रिजवर ठेवली.

ज्ञानदा माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. जिन्यात मी तिला गाठून माफी मागितली, ओठ तोपर्यंत निम्मा परत आला होता. तिने फक्त विचारलं, दाढ भरली का. मी म्हणालो, तात्पुरती. आणि मग, काहीतरी द्यायला हवं असं वाटून, मी एक मूर्ख गोष्ट बोललो. म्हणालो, ही दाढ मी पक्की भरून घेणार नाही. तू डॉक्टर झालीस की तू भर, तुझी पहिली. ती हसली नाही. डोक्यातल्या डोक्यात वर्षं मोजल्यासारखं वर बघितलं आणि म्हणाली, गूट.

रविवारी दुपारी काका माझ्या खोलीत आले. उतरत्या छपराला डोकं आपटलं, नेहमीसारखं. त्यांच्या हातात ते काळं बाइंडिंग होतं आणि सोनेरी अक्षरांवर दोऱ्याने एक पिवळी चिठ्ठी बांधलेली होती. त्यांच्या कामावरची. मला माहीत होतं की तिथे चांगल्या भागाला हिरवी लावतात, भंगाराला लाल. पिवळी मी पाहिली नव्हती.

‘‘ही म्हणजे गेश्पेर्ट,’’ काका म्हणाले. ‘‘थांबवलेला माल. पार्ट वाईट नाही, चांगला असं पण म्हणायचं नाही. वरून निर्णय यायचाय. त्याला वेगळं शेल्फ असतं, कोणी हात लावायचा नाही. काही पार्ट तिथे चार-चार वर्षं पडून आहेत, हृषी, आणि त्यांना कोणी अर्धवट म्हणत नाही.’’ चिठ्ठीवर त्यांनी नियमाप्रमाणे सगळं भरलं होतं: तारीख, सही, आणि कारणाच्या जागी, निर्णय बाकी.

मी म्हणालो, ‘‘काका, अक्कलदाढ परत बसवून घेतो मी.’’

‘‘तुला होती कुठं,’’ ते म्हणाले, आणि बाइंडिंग माझ्या कपाटावर ठेवून गेले. खाली घरात ठेवलं तर हात शिवशिवतात, असं कारण सांगितलं.

ते खोटं नव्हतं. आठवड्यातून एकदा तरी ते वर येत, बाइंडिंग उघडत, सातव्या पानावरचा एक स्वल्पविराम त्यांना खटकत होता तो बघत, आणि परत ठेवत. कामं वेळेत पूर्ण कशी करावीत हे त्यांना आता तोंडपाठ झालंय.

जगाला सांगण्याचा प्रसंग जूनमध्ये आला. हाइलब्रोनच्या बागेत नदीकाठी आम्हा मराठी घरांची ग्रिल पार्टी होती. स्टुटगार्टहून आलेल्या सत्यजितरावांनी कणसं भाजता भाजता विचारलं, ज्ञानदाचं झालं का बॅचलर. काका म्हणाले, नाही, तीन पॉइंट शिल्लक आहेत. फक्त तीन? मग करून टाका की. काकांनी चिमटा खाली ठेवला आणि समजावायला सुरुवात केली. आल्झो, बघा, इथे पूर्ण झालं की बंद. असिस्टंट झालं की पुढे. कॉलेज चांगलं असून उपयोग नाही, असल्याने तोटा नाही, पण संपवायचं नाही. ऐकणाऱ्यांची संख्या वाढत गेली, समजणाऱ्यांची होती तेवढीच राहिली, म्हणजे ज्ञानदा, आणि ती नदीकडे तोंड करून बसली होती. अर्ध्या तासाने सत्यजितरावांनी काळजीने विचारलं की त्यांचा कबीर मेकॅनिकलच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे, त्यालाही थांबवू का. काका म्हणाले, त्याला काय व्हायचंय? मेकॅनिकलच. मग त्याचं पूर्ण होऊ द्या. असं का, ते कोणालाच कळलं नाही. काकांनाही सांगता आलं नाही. कणसं करपली.

मेअखेर केलेल्या अर्जाला ऑगस्टमध्ये नकार आला. अपेक्षितच होता, पण ई-मेल वाचून काका माझ्याकडे आले आणि बाइंडिंग न उघडताच बसून राहिले. त्यांना विचारायचं होतं की आता तरी ते तीन पॉइंट घेऊन टाकावेत का. निदान हातात काहीतरी. या विषयात माझा सल्ला मी स्वतःच बंद केला होता. शेवटी तेच म्हणाले, ‘‘तीच म्हणते, थांबवलेलं राहू दे. तिला कळतंय असं धरून चालू.’’ धरून चालू, असं काका आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले असावेत. त्यांच्या कामात धरून चालत नाहीत, मोजतात.

सप्टेंबरमध्ये ज्ञानदाने विद्यापीठातून नाव काढलं, एकशे सत्त्याहत्तर पॉइंटांचा दाखला घेतला आणि फ्राउ डॉक्टर वाइनमानकडे असिस्टंटच्या शिक्षणाला लागली. पहिल्या दिवशी काका तिला सोडायला गेले. दवाखाना चालत सात मिनिटांवर आहे. परत येताना ते जिन्यात भेटले, म्हणाले, चांगली जागा आहे, सगळी हत्यारं ओळीत लावलेली असतात. नोव्हेंबरात तिने ती प्रवेश-चाचणी दिली. बरी गेली म्हणाली, गूट नाही म्हणाली. त्यावरून मी समजलो की चांगली गेली. आता परत मे जवळ येतोय, परत अर्ज. मिळेल का ते तिला माहीत नाही, मला तर विचारूच नका.

घरात एक फरक पडलाय. काकू अजून संध्याकाळी विचारतात, अहो, दार अबगेश्लोसन केलंत का. काका म्हणतात, लावलंय. नुसतं मराठीत. आणि परत उठून बघायला जात नाहीत.

माझी दाढ तशीच आहे. तात्पुरती भर दर काही महिन्यांनी झिजते, मी जातो, नवी तात्पुरती घालून घेतो. परवा गेलो तेव्हा फ्राउ डॉक्टर वाइनमान वैतागल्या. म्हणाल्या, आता पुरे, आज पक्कं करून टाकू, नाहीतर ही दाढ जाईल. लेओनीच्या जागी नळी घेऊन ज्ञानदा उभी होती, निळ्या अंगरख्यात, केस घट्ट बांधून. माझ्या तोंडात कापूस, नळी आणि बाईंची दोन बोटं.

ज्ञानदाने बाईंना जर्मनमध्ये काहीतरी समजावलं. बाईंनी आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि पुन्हा तात्पुरत्या भरीचा डबा उघडला. मग ज्ञानदा माझ्यावर वाकली आणि चक्क मराठीत, एकेक शब्द मोजून म्हणाली, ‘‘दादा, ही दाढी माझी आहे. दुसऱ्या कोणाला द्यायची नाही.’’

दुरुस्त करायला मी तोंड उघडणार होतो, पण ते आधीच उघडं होतं.